मान हलवली म्हणून

१६ मार्च, रविवार. सकाळपासून मशीन चालू होतं. दोन सुटकेसमधल्या कपड्यांचे मी तीन ढीग केले होते: गरम पाण्याचे, गार पाण्याचे आणि अंगाला न लागताच परत आलेले. तिसरा ढीग सगळ्यात मोठा. त्यात नवऱ्याचे तीन स्वेटर होते. ब्युनोस आयर्सला मार्चमध्ये उन्हाळा नुकता सरत असतो, हे निघण्याआधी मी त्याला दोनदा सांगितलं होतं.

सोमवारपासून मला पूर्णवेळ कामावर जायचं होतं. हीथ्रोजवळच्या एका गोदामात लोकांच्या शिफ्ट लावण्याचं काम मी करते. आठ महिने अर्धवेळ केलं, कारण नवऱ्याला स्ट्रोक आला होता. बोलणं सुधारलं, हात सुधारला, डावा पाय मागे राहिला. फिजिओथेरपीच्या बाईंनी जानेवारीत सांगितलं, "पायात ताकद आलेली आहे. आता आहे ती भीती." भीतीसाठी त्यांच्या कागदावर व्यायाम नव्हता. घरात तो भिंतीच्या आधाराने सगळीकडे जायचा, पण फाटकाबाहेर माझा दंड धरल्याशिवाय एक पाऊल टाकत नसे. काठी आणून दिली तर म्हणाला, "म्हातारा दिसतो." त्यापेक्षा मी बरी. आता मी दिवसभर बाहेर असणार, म्हणजे तो दिवसभर खुर्चीत बसणार, हे दोघांनाही कळत होतं.

ही सहल आजारपणाच्या आधीच ठरली होती, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रद्द करण्याचा विषय मी निघूच दिला नाही.

पहिले तीन दिवस जे पाहायचं असतं ते पाहिलं. बंदराजवळची रंगीबेरंगी पत्र्याच्या घरांची गल्ली पाहिली. एक मोठी दफनभूमी पाहिली. तिथे एकेका घराण्याचं थडगं म्हणजे छोटा बंगला, दाराला पितळी कडी. नवरा म्हणाला, "हे मेल्यावरही आपल्यापेक्षा ऐसपैस राहतात." मी हसले, पण माझं लक्ष पायरीकडे होतं. तिथल्या फुटपाथच्या फरशा जागोजागी उखडलेल्या. आमच्या हाउन्सलोच्या कौन्सिलला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तिथे चालून पाहावं. नवरा सारखा खाली बघायचा आणि मी त्याच्या बुटांकडे. तीन दिवसांत आम्ही दोघांनी मिळून बहुतेक जमीनच पाहिली.

चौथ्या दिवशी, आम्ही उतरलो होतो त्या घरची मालकीण म्हणाली की नाटकगृहातला महागडा टँगो पाहू नका, दुपारी आमच्या गल्लीतल्या क्लबात जा, तिथे साधी माणसं नाचतात. ती निवृत्त शिक्षिका होती, इंग्रजी बरं बोलायची, आणि शिक्षिकेसारखीच तिने मला रीत समजावून सांगितली. तिथे कुणी तोंडाने विचारत नाही. पुरुष लांबून बाईकडे बघतो आणि किंचित मान हलवतो. तिला नाचायचं असलं तर तीही हलवते. मग तो उठून तिच्या टेबलापाशी जातो, आणि तो समोर येईपर्यंत ती जागची हलत नाही. नको असेल तर नजर फिरवायची. कुणाचा अपमान नाही, कुणाची फजिती नाही. मला ही पद्धत फार व्यवहारी वाटली. नवरा तेव्हा आंघोळीला गेला होता. नाचायचं कुणाला होतं? त्याला सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

क्लब म्हणजे शाळेच्या हॉलसारखी जागा. काळ्यापांढऱ्या फरशा, वर पंखे, एका भिंतीला बायकांच्या खुर्च्या, समोरच्या भिंतीला पुरुषांच्या. जोडप्यांची टेबलं भरली होती. दारावरच्या बाईने मला इकडे बसवलं आणि नवऱ्याचा हात धरून त्याला पलीकडे नेऊन बसवलं. आठ महिन्यांत घराबाहेर आमच्यामध्ये एवढं अंतर पहिल्यांदाच पडलं होतं. त्याने लांबून माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी हाताने खूण केली, बस गप्प.

लोक सत्तरीचे, काही ऐंशीचे. एक गाणं संपलं की तेच जोडपं पुढच्यावर नाचायचं, तीन-चार गाणी झाली की सगळे आपापल्या जागी परत. अशाच एका मोकळ्या वेळात माझ्यापासून दोन खुर्च्या पलीकडची हिरव्या पोशाखातली म्हातारी नवऱ्याकडे बघत होती. नवीन माणूस म्हणून असेल. आणि आपल्याकडे एखाद्या वयस्कर बाईंची नजर आपल्यावर आली तर माणूस जे करतो तेच त्याने केलं. नमस्कारासारखी मान लववली.

म्हातारीनेही मान हलवली. पोशाख सारखा केला आणि त्याची वाट बघत बसली.

गाणं सुरू झालं. माणसं उठून आपापल्या बाईपाशी गेली. नवरा बसलेलाच. म्हातारी ताठ बसून त्याच्याकडे बघत होती. शेजारच्या बायकांनी आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. शेवटी त्याच्या बाजूचा टक्कल पडलेला गृहस्थ त्याला कोपराने ढोसून काहीतरी म्हणाला आणि बोट तिच्याकडे दाखवलं. नवऱ्याचा चेहरा उतरला. त्याला समजलं होतं.

मी उठले. जाऊन त्या बाईंची माफी मागायची, तो आजारी आहे असं खुणेने सांगायचं आणि त्याला घेऊन बाहेर पडायचं, एवढं ठरलं होतं. शेजारच्या जाड बाईने माझं मनगट पकडून मला खाली बसवलं. चांगलीच ताकद होती तिला.

तोवर नवरा उभा राहिला होता. खुर्चीच्या पाठीवरचा हात त्याने बऱ्याच वेळाने काढला. हॉलची रुंदी दहा-बारा पावलं असेल. तो नाचणाऱ्यांच्या कडेने न जाता सरळ मधून आला, कारण कडेने लांब पडलं असतं. डावा पाय घासत होता. एका जोडप्याला थांबावं लागलं. म्हातारीसमोर येऊन त्याने आपल्या मांडीवर थोपटून दाखवलं, मग नाही अशी मान हलवली. तिने त्याचा हात हातात घेतला आणि उठली.

नाच म्हणता येईल असं काही झालं नाही. दोघं काहीतरी बोलत होते आणि ती त्याला घेऊन गोल चालली, इतकंच. दुसऱ्या गाण्यात त्याने तिच्या पायावर पाय दिला आणि मागच्या माणसाने तोंड वाकडं केलं. तिसऱ्याला तो थांबला. तिने त्याला त्याच्या खुर्चीपर्यंत पोचवलं नाही. रीत उलटी असते, त्यानेच तिला तिच्या जागेवर आणून सोडलं. मग तो एकटा परत गेला.

बाहेर पडल्यावर त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला होता.

"दोघं काय बोलत होतात एवढं?"

"ती स्पॅनिश, मी मराठी."

"मराठी कशाला?"

"इंग्रजीही तिला कळत नव्हतंच. मग म्हटलं, निदान मला तरी कळू दे." थोडं चालून तो म्हणाला, "अगं, तू का नाही आलीस मला सोडवायला?"

"येत होते. शेजारच्या बाईने धरून ठेवलं."

"बरं केलं तिने."

पुढचा फुटपाथ आला तेव्हा त्याने माझा दंड धरलाच, पुढचे दोन दिवसही धरला. चमत्कार वगैरे झाला नाही. पण त्याचं ते "बरं केलं तिने" मला लागलं होतं. दुखवायला तो बोलला नव्हता, त्यामुळे भांडताही येत नव्हतं. परतीच्या विमानात तो झोपला तेव्हा मी बराच वेळ विचार केला की दर फरशीवर "जपून" कोण म्हणत होतं.

रविवारी तिसरी खेप मशीनमध्ये टाकत असताना तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"उद्या दहाला बीपी तपासायला जायचंय."

"माहीत आहे. शेजारच्या अंकलना सांगून ठेवलंय, ते गाडीने नेतील."

"त्यांना नको म्हणून सांग. दोनच स्टॉप आहेत. बसने जातो."

"आणि पडलास तर?"

"उठेन."

"नाही उठता आलं तर?"

"हाउन्सलोत माणसांचा दुष्काळ आहे का? कुणीतरी उठवेल. तुझ्यासारखं ओरडत नाही उठवणार."

मला खूप काही बोलायचं होतं. बसचं ऑइस्टर कार्ड कुठे आहे, कुठल्या बाजूची सीट धरायची, बस पूर्ण थांबल्याशिवाय उठायचं नाही. मी मशीनचं झाकण लावलं, हात पुसले आणि अंकलना मेसेज केला की उद्या यायची गरज नाही, आभारी आहे.

सोमवारी सकाळी सव्वासहाच्या बसने मी कामावर गेले. दहा वाजता, सव्वादहाला आणि साडेदहाला फोन हातात घेतला, आणि तिन्ही वेळा परत ठेवून मंगळवारच्या शिफ्ट लावल्या.