उजेडाला धरलेला कागद

एकनाथराव अदालतीच्या दफ्तरखान्यात मुहाफिज होते. म्हणजे मिसली, खटल्यांचे कागद, सांभाळणारे. लाल फडक्यात बांधलेल्या हजारो मिसलींचे बस्ते त्यांच्या ताब्यात होते आणि त्या प्रत्येक बस्त्यात कुणीतरी कुणालातरी फसवलेलं होतं. अशा जागी माणूस बत्तीस वर्षं काढतो तेव्हा त्याचं मन साफ कसं राहणार? हाती आलेला प्रत्येक कागद ते आधी उजेडाला धरत, मग वाचत. लग्नाची पत्रिका असो, डॉक्टरची चिठ्ठी असो, नाहीतर भज्यांचा पुडा. बायको पद्मावती म्हणायची, "बरं झालं, मला तुम्ही दिवसा पाहिलंत. नाहीतर मलाही खिडकीशी उभं केलं असतं."

त्यात तो काळ एकोणपन्नास सालचा. पोलीस ॲक्शन होऊन निजामी राजवट गेली त्याला नऊ महिने झाले होते. कचेऱ्यांमधल्या भिंतींवरच्या तसबिरी बदलल्या होत्या, त्यामागचे चौकोनी डाग मात्र तसेच होते. गेल्या साली कोण कुणाच्या बाजूने होतं, हे ज्याचं त्याला माहीत होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याला विचारत होता. नारायणगुड्याच्या गल्लीत लोक रामराम घालत आणि पाठमोऱ्या माणसाकडे जरा जास्तच वेळ पाहत. साऱ्या शहराला त्या साली एकनाथरावांची नजर आली होती, एवढंच.

अशा वेळी त्यांच्या प्रभाकरला विलायतेहून पत्र आलं. बावीस वर्षांचा पोरगा, बी. एस्सी. पहिल्या वर्गात पास. कोळशाच्या खाणींचं शास्त्र शिकायला त्याला शेफील्डच्या विद्यापीठात जागा मिळाली होती. पोरगा नाचायचाच बाकी होता. एकनाथरावांनी पत्र घेतलं, खिडकीशी गेले, उजेडाला धरलं.

"वाच," म्हणाले.

प्रभाकरने वाचलं आणि मराठीत सांगितलं. वर 'प्रिय महोदय' होतं. खाली, सहीच्या वर, 'आपला आज्ञाधारक सेवक'.

"कोण सेवक? तुझा?"

"इंग्रजीत तशी पद्धत असते, बाबा."

"आमच्याकडे अर्जाखाली 'फिदवी', म्हणजे आपला चाकर, असं कोण लिहितो माहीत आहे? ज्याला काही काढून घ्यायचं असतं तो. ज्याची तोंडओळख नाही तो तुला प्रिय म्हणतो, तुझा सेवक होतो, आणि वर सप्टेंबरच्या आत फी पाठव म्हणतो. यात काहीतरी गोम आहे."

गोम काही नव्हती. आठवडाभर चौकशी करून झाली, जामबागेतल्या एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी पत्र अस्सल असल्याचं दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे एकनाथराव गप्प झाले. आणि मग खरी पंचाईत पुढे आली. संस्थानच्या हाली रुपयांचे आधी कलदार, म्हणजे हिंदुस्थान सरकारचे रुपये, करायचे, कलदारांचे पौंड, आणि प्रत्येक दारात पैसा थोडा थोडा झडणार. दोन वर्षांचा खर्च काढला तेव्हा पद्मावतीने हातातल्या पाटल्यांकडे पाहिलं. पाटल्यांत बोटीचं भाडं कसंबसं निघालं असतं. बाकीच्यासाठी सरकारी कर्ज होतं, विलायतेला शिकायला जाणाऱ्या मुल्की, म्हणजे इथल्याच मुलखातल्या, मुलांसाठी. त्याची अट अशी की दोन जामीनदार हवेत, मुल्की, स्वतःच्या नावावर जमीनजुमला असलेले. पोरगा शिकून परत आला नाही तर कर्ज जामीनदाराच्या जमिनीतून वसूल. आणि बापाला जामीन राहता येणार नाही.

एक जामीन पद्मावतीचे भाऊ हिम्मतराव वकील राहिले. दुसरे एक गृहस्थ सहज राहिले असते, पण ते गेल्या साली गडबडीत नागपूरला गेले ते तिकडचेच झाले. ओळखीच्यांना विचारलं. कुणाची बायको आजारी, कुणाची जमीन भावकीत अडकलेली. खरं म्हणजे त्या दिवसांत दुसऱ्याच्या कागदावर सही करायची कुणाची छाती नव्हती. जामीनपत्र दाखल करायची शेवटची तारीख शुक्रवार. रविवार उजाडला तरी दुसरं नाव कोरंच होतं. प्रभाकर जेवायला बसला आणि उठून गेला.

त्याच रविवारी सकाळी दारात उमाजी उभा राहिला. कोठीच्या बाजारात त्याची गुळाची आडत होती, माणूस मूळचा उदगीरकडचा. पद्मावती दोन वर्षांपासून त्याच्याकडून गूळ घ्यायची. खांद्यावर एक ढेप, पायांत जाड वहाणा.

"बाईसाहेबांनी दुकानात सांगितलं जी, लेकराचं अडलंय म्हनून," उमाजी म्हणाला. "म्या ऱ्हातो जामीन. गावाकडं जमीन हाय माझ्या नावानं."

पद्मावतीच्या डोळ्यांत पाणीच आलं. एकनाथराव मात्र त्या ढेपेकडे पाहत होते.

"तुम्ही का राहणार?" त्यांनी विचारलं.

"का म्हंजे? ऱ्हातो की."

"विचार करून सांगतो."

उमाजीने मान हलवली, ढेप ओट्यावर ठेवली आणि निघून गेला.

"अहो, विचार कसला करताय?" पद्मावती कडाडली. "पाच दिवस राहिलेत!"

"न मागता देणारा माणूस मी बत्तीस वर्षांत पाहिलेला नाही. ह्याचं काहीतरी प्रकरण असणार अदालतीत. माझ्याकरवी मिसल गहाळ करायची असेल. पोराच्या नावानं मला बांधून घ्यायचं असेल."

"आणि नसेल तर?"

एकनाथराव पूजेला बसले.

सोमवारी त्यांनी दफ्तरखान्यात उदगीरकडचे बस्ते उतरवले. चालू प्रकरणांत उमाजीचं नाव नव्हतं. निकाली प्रकरणांत नव्हतं. एकनाथरावांना उलट जास्तच संशय आला. इतका कोरा माणूस असतो का कुठे? मंगळवारी जुन्या बस्त्यांना हात घातला. धुळीने शिंका येऊन येऊन बेजार झाले. दुपारनंतर १३२७ फसलीची, म्हणजे एकतीस वर्षांपूर्वीची, एक मिसल हाती आली. उमाजी वलद अंबाजी. सापडला! एकनाथरावांना खरोखर आनंद झाला, आपल्याच पोराचा शेवटचा जामीनदार हातचा जातोय हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मिसल उघडली. एका सावकाराने दावा केला होता की उमाजीचा बाप अंबाजी मरण्यापूर्वी बारा एकर जमीन त्याला विकून गेला. खरेदीखत जोडलेलं होतं. आणि खरेदीखताच्या मागे टाचलेला एक उर्दू कागद. ते अक्षर ओळखायला एकनाथरावांना चष्मा पुसावा लागला. अक्षर त्यांचंच होतं.

तेव्हा ते एकवीस वर्षांचे, नकला उतरवणारे नवे कारकून. लिहिलं होतं: सदर उमाजी हा इसम नक्कल मागण्यास आला असता त्याची वर्तणूक संशयास्पद वाटली. याने कागदाशी काही छेडछाड केली असावी, या संशयाने खत उजेडास धरून पाहिले. सालाचा आकडा खरवडून अंबाजीच्या मृत्यूपूर्वीचा असा दुरुस्त केलेला आढळला. परंतु दुरुस्त केलेल्या सालाचा फायदा फिर्यादी सावकारास होतो, उमाजीस होत नाही. सबब कळविले आहे.

निकाल उमाजीच्या बाजूने लागला होता.

एकनाथरावांनी मिसल पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. त्यांना लाज वाटली. ज्याला पकडायला गेलो तो वाचला, आणि एकतीस वर्षांनी पुन्हा त्यालाच पकडायला निघालो होतो.

बुधवारी ते कोठीला गेले. उमाजी गूळ फोडत होता.

"तुम्ही सांगितलं का नाही?" एकनाथरावांनी विचारलं.

"काय सांगायचं?"

"बारा एकरांचं."

उमाजी हसला. "बाईसाहेबांनी तुमचं नाव घेतलं, तवाच वळखलं. लई राग आला व्हता जी तुमचा त्या दिशी. बाप मेलेला, जमीन चाललेली, आन तुम्ही माझी बोटं धरून हुंगलीत, शाई लागलीया का बघाया. म्या चोर हाय म्हनून तुम्ही कागद बघितला. आन कागदानं चोर दुसराच दावला. म्या घरी जाऊन आईला सांगितलं, त्या मुन्शीला देवानं लई वाईट डोळे दिलेत, पर डोळे हायेत."

एकनाथरावांना हसूही येईना आणि रागही येईना. ते गुळाच्या पोत्यावर टेकले.

"जामिनाला कोणती जमीन लावताय?"

"तीच की. बारा एकर. दुसरी कुठली हाय मला?"

"आणि पोरगा तिकडेच राहिला तर? सरकार जमीन विकेल. तुम्ही हे विचारलंच नाहीत."

"ते म्या कशाला इचारू? तुम्ही इचारलं असंल की त्याला."

एकनाथरावांनी विचारलं नव्हतं. पत्र धाडणाऱ्या विलायतेतल्या कुलसचिवावर संशय घेऊन झाला होता, पौंड देणाऱ्या बँकेवर झाला होता, या गूळवाल्यावर झाला होता. पोटच्या पोरावर तेवढा घ्यायचा राहिला होता, कारण त्याचं उत्तर ऐकायची त्यांना भीती वाटत होती. पोरगा गोरी मडम करून तिकडेच राहिला तर हे घर आणि पद्मावतीला सांभाळत आपण काय करणार, हा विचार त्यांनी महिनाभर दाबून ठेवला होता. त्या महिन्यात प्रत्येक कागदावर त्यांना तोच दिसत होता.

घरी येऊन त्यांनी प्रभाकरला समोर बसवून विचारलं. प्रभाकर म्हणाला, "येईन, बाबा." एकनाथराव त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. माणसाचं तोंड काही उजेडाला धरून आरपार दिसत नाही. त्यांनी कागद काढला, स्टँप लावला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं की माझा मुलगा परत न आल्यास आणि त्यापायी उमाजी वलद अंबाजी यांची जमीन गेल्यास, नारायणगुड्याचं माझं राहतं घर त्यांचं. पद्मावतीने वाचलं. खाली साक्षीदार म्हणून सही केली.

शुक्रवारी सकाळी जामीनपत्र दाखल झालं. उमाजीने कचेरीत अंगठा उठवला, शाई धोतराला पुसली. बाहेर आल्यावर एकनाथरावांनी तो दुसरा कागद त्याच्या हातात ठेवला.

"हे काय जी?"

"तुमच्यासाठी आहे. कुणाकडून तरी वाचून घ्या. असा न वाचता कागद घेऊ नये कधी."

उमाजीने कागद उन्हात धरला, अगदी एकनाथराव धरतात तसा, एक डोळा बारीक करून. धरला होता उलटा. मग हसला, चार घड्या केल्या आणि बंडीच्या खिशात घातला.

"तुम्ही लिवलंय न्हवं? मग झालं."

एवढं म्हणून तो दुकान उघडायला कोठीकडे चालू लागला. एकनाथराव तिथेच उभे राहिले.  उमाजी दिसेनासा झाल्यावर ते घराकडे वळले. चौकापर्यंत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घराचा कागद दिला आणि पोच घ्यायची राहिली. ते थांबले. मग तसेच पुढे चालू लागले.