शब्दाचं मूळ आणि दुसरी पोळी

"मूळ! आधी मूळ सांग!" अण्णा ओरडत होते. वाटी ताटावर अशी आपटली, की विश्वामित्री नदीतल्या मगरी दचकून काठावर आल्या असतील.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय नव्वदीला टेकलेलं, आवाज अजून चाळिशीतला. समोर माझी मुलगी, हातात घास तसाच. ती एवढंच म्हणाली होती, "अण्णा, मी लेस्बियन आहे. मांजलपूरला जिच्याबरोबर राहते ना, ती नुसती मैत्रीण नाही. रविवारी तिला जेवायला आणू?"

आता आमच्या अकोट्याच्या घरातली रीत सांगायला हवी. माझे आजोबा संस्थानच्या कचेरीत इंग्रजी शब्दांना देशी शब्द घडवायच्या कामावर होते. (बाहेर मी सांगतो की निम्मी मराठी त्यांनी केली आणि उरलेली तपासून दिली.) तेव्हापासूनचा नियम असा, की जेवताना ज्याने नवा शब्द काढला त्याने त्याचं मूळ सांगायचं, तोवर दुसरी पोळी नाही. 'वायफाय'चं मला सांगता आलं नाही, त्या दिवशी मी एका पोळीवर उठलो.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. आणि मी तिला वाचवायला धावलो.

काय बोललो मी! एक ग्रीक बेट, तिथे अडीच हजार वर्षांपूर्वी एक कवयित्री, तिच्या बायकांवरच्या प्रेमकविता. बेटाच्या नावावरून शब्द पडला. त्या बेटावरचे काही लोक पुढे कोर्टात गेले, आमचं नाव आम्हाला परत द्या म्हणून, आणि हरले. 'गे' फ्रेंचांकडून इंग्रजीत आला, तेव्हा अर्थ होता आनंदी. 'होमोसेक्शुअल' अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन. त्याच्यावरून आपला 'समलिंगी'.

"म्हणजे घडवलेला," अण्णा म्हणाले.

"आजोबांसारख्याच कुणीतरी, खुर्चीत बसून."

"बरा घडवलाय. पण त्याआधी लोक काय म्हणत?"

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये माझे शाळेतले मित्र राहायचे. तिथे एक हळू आवाजाचा फिटर होता, त्याला सगळे 'मीठा' म्हणत. गोड का, हे कुणी विचारलं नाही. मीही म्हणायचो, सायकलवरून, लांबून.

"आणि बायकांना?"

बायकांसाठी मी शिवीसुद्धा ऐकली नव्हती.

तिथे मी थांबलो. आत काही हललं नाही. इतका वेळ जीभ तेवढी पंख्यासारखी फिरत होती, बाकी माणूस बंद. हे आपल्या मुलीविषयी चाललंय, हे मला ठाऊक होतं. सुरतेला पाऊस पडतोय हे पेपरात वाचून ठाऊक असतं, तसं.

"शाब्बास! बस हवे," अण्णा म्हणाले. खूश झाले की ते 'पुरे आता' हेही गुजरातीत म्हणतात. "वाढ तिला पोळी."

मी वाढली. वर तूपही सोडलं. ती म्हणाली, "थँक्यू बाबा," आणि हात धुऊन, स्कूटरची किल्ली घेऊन गेली. पोळी ताटातच.

अण्णांनी थोड्या वेळाने विचारलं, "ती काहीतरी विचारत होती ना रे?"

"शब्दाचंच," मी म्हणालो.

तीन रविवार गेले. चौथ्याच्या आदल्या दिवशी मी फोन लावला आणि इतक्या जोरात बोललो की फोनची गरजच नव्हती, मांजलपूरपर्यंत तसंच गेलं असतं. "अगं, उद्या आण तिला! अण्णा सारखे विचारतायत. मूळबिळ काही नाही, नुसतं जेवायला या! श्रीखंड आणतो!"

पलीकडे मिक्सर फिरत होता. तो कुणीतरी बंद केला.

"नको बाबा," ती म्हणाली. "रविवारी आम्ही घरीच जेवतो."