काचेपलीकडचे ओठ

“हाडं झिजलेली नाहीत. हाडांतलं कॅल्शियम रक्तात चाललंय,” परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि माझ्या हातून गुन्हेगार निसटला.

गिरण्यांचा संप फसल्यापासून बाबांची हाडं दुखत होती. लालबागच्या आमच्या चाळीत त्याला ‘संपाचं दुखणं’ म्हणत. मी पत्रकं वाटत वाढलेली मुलगी. मीही ते दुखणं गिरणीमालकांच्या नावावर टाकलं होतं. मुतखडा झाला, भूक गेली, बाबा विसरायला लागले, तरी इतक्या वर्षांत कुणी रक्त तपासलं नाही. हा राग अजून गेलेला नाही. गरीब आहे एवढंच निदान पुरेसं वाटतं यांना!

आजाराचं नाव हायपरपॅराथायरॉइडिझम. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, बहुधा चार. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. एखादीवर अॅडिनोमा, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ आली, की ती हाडांतून कॅल्शियम उपसत राहते. गाठ काढली की बहुतेक माणसं बरी होतात. पण आधी ती सापडायला हवी.

सोनोग्राफीत मानेत काहीच दिसलं नाही. एक सर्जन म्हणाले, “उघडून शोधू.”

“आणि नाही सापडली तर?”

“मग पुन्हा उघडू.”

जणू मान नव्हे, फळीवरचा डबा.

मी अडून बसले. मग डॉक्टरबाईंनी सेस्टामिबी स्कॅन लिहून दिलं. शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देतात आणि कॅमेरा दोनदा चित्र घेतो. पहिल्या चित्रात थायरॉइडही उजळते. काही तासांनी तिच्यातलं औषध ओसरतं, गाठीतलं मागे राहतं. मधला वेळ बाकावर काढायचा. बाबा चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिले. मी एकच मासिक उलटंसुलटं चाळलं.

दुसरं चित्र झालं. बाबांना टेबलावरून उतरवून स्टुलावर बसवलं. काचेपलीकडे डॉक्टरबाई आणि तंत्रज्ञ पडद्याकडे बोट दाखवून बोलत होते. दार बंद होतं.

बाबा बाहेर आले ते सदऱ्याची बटणं लावतच.

“घराक जाऊया गो. माका कळला सगळा.”

“काय कळलं?”

“छातीत उतरलीहा. आता कापून काय उपेग?”

बाबांचं आयुष्य गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणणाऱ्या मागांवर गेलं. मागांच्या त्या खडखडाटात कानाचा उपयोग नसतो. कामगार एकमेकांचे ओठ वाचतात. काचेपलीकडचे ओठही त्यांनी वाचले होते. आमच्याकडे ‘छातीत उतरली’ म्हणजे माणूस गेला.

मी काचेमागच्या खोलीचं दार ढकलून आत गेले. “पेशंटला सोडून आपापसात काय बोलता? त्याच्या शरीराबद्दल त्याला आधी सांगा!”

“दार बंद होतं. ऐकलं कुणी?” डॉक्टरबाई चकित झाल्या.

“ऐकलं नाही. बघितलं.”

त्यांना समजायला क्षणभर लागला. मग त्या बाहेर येऊन बाबांसमोर उकिडव्या बसल्या आणि सावकाश बोलल्या. “काका, गाठ पसरलेली नाही. ही ग्रंथी तुमच्या जन्मापासूनच छातीच्या वरच्या टोकाला आहे. म्हणून सोनोग्राफीत दिसली नाही. नुसती मान उकरली असती तर हाती काही लागलं नसतं. आता जागा कळलीय, मानेतूनच खाली पोचता येईल.”

बाबा त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. “परत एकदा सांगा,” म्हणाले. बाईंनी परत सांगितलं. बाबांनी वरचं बटण सोडलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी थिएटरच्या दाराशी उभी होते. दाराला हाताएवढी काच. पलीकडे हिरवे मास्कच मास्क. एकाचेही ओठ दिसेनात. बाबा बेशुद्ध, आणि मला वाचायला काहीच नाही.

मग डॉक्टरबाई काचेशी आल्या. मास्क खाली ओढला. आवाज न करता, एकेक अक्षर सोडवून, ओठ हलवले.

मिळाली.

साचेवाल्याची मुलगी मी. चुकले नाही.

तुमच्या माणसावर ही वेळ आली तर विचारा: गाठ नेमकी कुठे आहे, आणि ती दाखवणारं चित्र कुठे आहे? विचारताना घाबरू नका. आणि कुणी तुमच्याकडे तोंड करून उत्तर दिलं, तर त्या माणसाला विसरू नका. मी विसरलेले नाही.