सायप्रसचा घाट आणि तात्या

तात्या गाडी सुरू करताना देवाचं नाव घेत नसत. किल्ली फिरवण्याआधी उजव्या मांडीवर थाप मारायचे आणि स्वतःलाच बजावायचे, "उजवीकडून रे बाबा, उजवीकडून." ते बहारीनला आले तेव्हा इथली वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूने चालायची. पुढे सरकारने ती उजवीकडे नेली. बाकीचे ड्रायव्हर महिनाभरात सरावले. तात्यांची थाप मात्र पंधरा वर्षांनंतरही चालूच होती. "माझा हात बसला तो परशुराम घाटात, मालाच्या ट्रकवर. त्याला रोज आठवण द्यावी लागते," असं ते सांगत.

बहारीनमध्ये घाट नाही, साधा चढ शोधायचा तरी वणवण करावी लागते. तात्यांना याचा मनापासून राग होता. "ही काय ड्रायव्हिंग? पोळपाटावर लाटणं फिरवायचं नुसतं!" आणि सुट्टीत गावी गेलं तरी घाट बघायचा तो एसटीच्या खिडकीतून. त्यांच्या हातात तिथे आता कोण गाडी देणार?

मनामाच्या बाजारात एका कापडाच्या दुकानावर आमची खोली होती. सात खाटा, सगळे रत्नागिरीकडचे. मी सर्वांत लहान, अस्कर गावाजवळच्या कारखान्यात स्टोअरकीपरच्या हाताखाली. इथे येण्याआधी दोन वर्षं मी कामगारांची पत्रकं लिहिली आणि वाटली होती. बहारीनमध्ये पत्रक काढण्याची सोय नव्हती, म्हणून मी ते खोलीत तोंडी काढायचो. दोन वर्षांनी एकदा रजा, पासपोर्ट मालकाच्या कपाटात, आपण माणसं की सामान! तात्या शेवटपर्यंत ऐकून घेत आणि म्हणत, "झालं पुढारी? आता चहा ठेव." मला ते मुळीच आवडत नसे.

पण इंग्रजी येणारा खोलीत मी एकटा. व्हिसाचे, बँकेचे, कंपनीचे कागद सगळे माझ्याकडून वाचून घेत. तात्यांची एक अट असे. "बोट ठेवून वाच. तू कुठल्या ओळीवर आहेस ते मला दिसू दे." इंग्रजी त्यांना ओ की ठो येत नव्हतं, तरी नजर माझ्या बोटावर.

तात्यांचा अरबाब, म्हणजे मालक, मोत्यांच्या जुन्या व्यापाऱ्याच्या घराण्यातला. मुंबईत राहिलेला, हिंदी बोलणारा. त्या उन्हाळ्यात त्याने बायकामुलांना घेऊन सायप्रसला जायचं ठरवलं. बेटावर फिरायचं कसं, हा प्रश्न होता. गाडी भाड्याने घ्यावी, गावागावांतून जाणाऱ्या बसने जावं, की रोजची टॅक्सी? अडचण अशी की सायप्रसला गाड्या डाव्या बाजूने चालतात, आणि अरबाबाचा सगळा सराव उजवीकडचा. त्याने नकाशा आणि माहितीचे कागद तात्यांच्या हातात दिले. "तात्या, तुम देखो. गाडी लेंगे तो तुम साथ आयेगा. शुक्रवार को बोलो."

तात्या जिना धावत चढून आले. पन्नाशीचा माणूस! "पुढारी, वाच!"

चार दिवस आम्ही त्या बेटावर राहिलो. खाटेवर नकाशा पसरलेला, माझं बोट कागदावर, तात्यांचा श्वास माझ्या कानाशी. बस सकाळी एकदा सुटते आणि दुपारी परतते. "म्हणजे पोरं समुद्रात उतरली की निघायची वेळ. बस नको." टॅक्सीवाला त्याला हवं तिथे थांबणार. "टॅक्सीपण नको." आणि मधोमध डोंगर, त्यावर आतड्यासारखा गुंडाळलेला रस्ता. तात्यांनी पेन्सिलीने त्याची वळणं मोजली. सत्तावीस. "डावीकडून, बरं का. आणि स्टिअरिंग उजवीकडे." एवढं बोलून ते थाप न मारताच मांडीवर हात ठेवून बसले.

मी जळत होतो, सरळ सांगतो. ते बेट मी वाचलं होतं! कुठल्या गावात द्राक्षं आणि कुठल्या खाडीत पाणी उथळ, हे माझ्या तोंडून या माणसाला कळलं होतं, आणि जाणार तो. मी अस्करला बोल्ट मोजत बसणार. त्या जळण्याला मी तत्त्वाचा सदरा चढवला. "तात्या, मालकाच्या बॅगा उचलायला जायचं आणि त्याला सहल म्हणायचं? लाज नाही वाटत?"

"घाट मालकाचा नाही रे," तात्या म्हणाले. "पुढे वाच."

पुढे लायसनचा मजकूर होता. आपल्या देशाचं चालू लायसन असलं की पुरे, असं स्वच्छ छापलं होतं. मी म्हणालो, "बहारीनचं लायसन तिथे चालत नाही. उजवीकडे चालवणाऱ्यांना बंदी आहे."

तात्यांनी नकाशा घडीवर घडी घालून मिटला. "मग बसच बरी त्यांना."

अरबाबाचं कुटुंब गेलं, तीन आठवड्यांनी परत आलं. पुढच्या शुक्रवारी अरबाबाच्या मेव्हण्याचा ड्रायव्हर, मुहर्रकचा एक मल्याळी, आमच्याकडे आला. तात्यांच्या जागी त्याला नेलं होतं. तोंडभर हसत तो म्हणाला, "तात्या, तुम क्यों नहीं आया? क्या पहाड है! लायसन तो भाड़े की गाडीवाले ने ऐसे देखा, ऐसे वापस दिया. अरबाब की मॅडम ने तुमको कागद पढके बताया था ना, लायसन चलेगा? फिर भी तुम बोला, मेरा आदमी गलत नहीं पढता. अरबाब बहुत गुस्सा था."

खोलीतले सगळे माझ्याकडे वळणार इतक्यात तात्या म्हणाले, "मुझे ही चक्कर आता है घाट में. बहाना किया." मग माझ्याकडे न बघता, "पुढारी, चहा ठेव."

मी चहा ठेवला.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही त्यावर बोललो नाही. तात्या कायमचे गावी निघाले त्या दुपारी मी त्यांची ट्रंक दोरीने बांधत होतो. खोलीत दोघंच. मीच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"तेव्हाच. तुझं बोट कागदावर नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"शुक्रवारपर्यंत वाट बघितली. म्हटलं, सांगेल." त्यांनी गाठ ओढून पाहिली. "खोलीतल्या सगळ्यांचे कागद तू वाचतोस. तुला खोटा पाडला असता, तर उद्या त्यांना कोण वाचून देणार होतं? मॅडम?"

एकजुटीवर मी इतकं बोललो होतो. तिची किंमत या माणसाने भरली, तीही माझ्या वतीने, आणि त्यातलं एक अक्षर बोलून दाखवलं नाही. आजही मला त्यांचा हेवा वाटतो, पण सायप्रससाठी नाही.

खांद्याच्या पिशवीतून त्यांनी तो नकाशा आणि त्यात ठेवलेला माहितीचा कागद काढला. नकाशा घड्यांवर विरलेला, वळणांवर पेन्सिलीची टिंबं. "लायसनचं वाच."

मी बोट ठेवलं आणि वाचलं. शब्द न् शब्द, मग मराठीत.

तात्या माझ्या बोटाकडे बघत होते. "हं," ते म्हणाले, "आता बरोबर वाचलंस." खाली टॅक्सीने हॉर्न दिला, आणि त्यांनी ट्रंकेची एक कडी उचलून दुसरी माझ्याकडे केली.