निरक्षर आबांची पाटी

लोणावळ्याच्या बाजारात निम्म्या दुकानांवर ज्यांचं अक्षर झळकत होतं, त्या पेंटर आबांना स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मराठी, गुजराती, इंग्रजी, काहीही कागदावर लिहून द्या, आबा ते वेलबुट्टीसारखं फळीवर उतरवीत. "वाचणाऱ्यानं वाचावं, मास्तर. मला नुस्तं बघता येतं." मी तेव्हा कार्ल्याच्या शाळेत मास्तर होतो. हे ऐकून मी गालातल्या गालात हसायचो.

आबांची लेक सगुणा जवळच्या वाडीत दिली होती. तिथल्या पायऱ्यांच्या विहिरीच्या पाण्यानं घरोघर कुणाच्या तरी पायातून नारू, दोऱ्यासारखा लांब किडा, निघे. सलग दोन वर्षं भातलावणीच्या ऐन दिवसांत सगुणा सुजलेला पाय धरून ओसरीवर पडून होती. पाणी दुहेरी फडक्यानं गाळा, असं डॉक्टर सांगून थकले. आबा म्हणाले, "विहिरीवर पाटी लावू." मी ऐटीत मजकूर दिला, 'जल गाळूनच प्राशन करावे.' खाली आबांनी नारू लोंबणारा लालभडक पाय काढला. आठवड्यानं जाऊन बघतो तर पाटीला हळदकुंकू! बायका नारूबाईच्या पाया पडून तेच पाणी तसंच भरून नेत होत्या.

मी वाडीच्या अडाणीपणावर तोंडसुख घेतलं. आबा मात्र चार दिवस रोज सकाळी विहिरीपाशी बसून पाणी भरणारे हात पाहत राहिले. मग म्हणाले, "चूक आपली हाय. भ्या दावलं की माणूस हात जोडतंय, मास्तर. हातानं काय करायचं, त्ये दावाया पायजे."

नव्या पाटीवर एकही अक्षर नव्हतं. घागरीच्या तोंडावर फडक्याची दुहेरी घडी आणि ती धरलेले दोन हात. हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदण. पहिलीच बाई थबकली. "अगं बया, ह्ये तर आपल्या सगुणाचं हात!" असं म्हणत तिनं पदर दुमडून घागरीवर धरला.

नारू वर्षभर अंगात दबा धरून बसतो, म्हणून त्या साली गुण दिसला नाही. पुढच्या साली सगुणा स्वतःच्या पायांनी चिखलात उतरली. आबा बांधावर उभं राहून दिवसभर नुसते बघत होते.

आबा जाऊन बरीच वर्षं झाली. पावसानं पाटी कुजली, नुसता खांब उरला. परवा सगुणाची पोर तिथे घागरीवर फडकं दुमडून धरत होती. "कुणी शिकवलं गं?" मी विचारलं.

"शिकवायचं काय त्यात, मास्तर? आमच्यात समदी असंच करत्यात."

रिकाम्या खांबापुढे माझे हात आपसूक जोडले गेले. आबांना ते मुळीच आवडलं नसतं.