एक गोणी उजेड

साऱ्या खानदेशात विजेचं मोल ज्वारीत भरणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो माझ्या फुईचा नवरा होता. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या यजमानांना फुवा. हे फुवा तापीकाठच्या एका गावाचे नावाडी. घर होतं, अंगण होतं, घरात फुईसारखी सुगरण होती, पण यांचा मुक्काम बारा महिने घाटाला बांधलेल्या नावेत. जेवण नावेत, झोप नावेत, रुसवाही नावेत. फुईशी वाजलं की नाव दोन हात आत ढकलायचे आणि तिथून तोंडाचा पट्टा सोडायचे. फुई काठावरून उत्तरं द्यायची आणि घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांचा वेळ मजेत जायचा.

गावाची रीत अशी की नावाड्याला रोख कुणी देत नसे. वर्षभर नदी ओलांडायची आणि खळं झालं की घरटी ठरलेलं धान्य त्याच्या घरी पोचवायचं. ही रीत फुवांच्या अंगात इतकी मुरलेली की नाण्याला हात लावणं त्यांच्या जिवावर यायचं. एकदा तालुक्याच्या कचेरीतल्या एका कारकुनानं उतरताना दुअन्नी पुढे केली. फुवांनी ती त्याच्याच टोपीत ठेवली आणि खळं झालं की धान्य पाठवा म्हणाले. कारकुनाला शेत नव्हतं. मग कचेरीच्या आवारात झाड कसलं आहे याची चौकशी झाली, आणि त्या गृहस्थाला सरकारी झाडाच्या दोन पायल्या चिंचा पोचवाव्या लागल्या.

घाटाला लागून एका मारवाडी शेठजींची तेलगिरणी होती. तिच्या इंजिनावर वीज निघायची. शेठजींचं जाणं-येणं फुवांच्या नावेतून, म्हणून एका दिवाळीत त्यांनी हौसेनं अकरा बांबूंवरून घाटापर्यंत तार आणवली आणि नावेत एक दिवा लावून दिला. पैशाचं नाव काढू नका म्हणाले. फुवांनी दिवा काढून त्यांच्या हातात ठेवला. “फुकटना उजेडमा माले दिसत नही, शेठ.” शेवटी फाल्गुनातल्या खळ्यावरची एक गोणी दादर ज्वारी असा सौदा ठरला, आणि मगच दिवा लागला. पण त्यानंतर फुवांना वेगळाच घोर. गोणीभर उजेड घेतला आहे, तो वाया जाऊन कसं चालेल? गावातल्या बायकांनी तांदूळ निवडायला नावेत यावं, कुणाचं पत्र आलं तर नावेत वाचावं, असा त्यांचा आग्रह. मी फायनलची परीक्षा पास होऊन धुळ्याला मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. सुट्टीत फुईकडे गेले की अख्ख्या गावाची पत्रं माझ्याकडून वाचून घेत. एक पत्र तर अजून उजेड शिल्लक आहे म्हणून दोनदा वाचायला लावलं. दिवेलागणीला सगळे दिव्याला हात जोडतात, फुवा दिव्याकडे पाठ करून गिरणीला जोडायचे. कारण विचारलं तर म्हणाले, “उजेडनं माहेर तठे शे.”

नाव सुटली की तो दिवा तारेसकट घाटावरच्या बाभळीला टांगला जाई, आणि त्याची खरी गरज तेव्हाच होती. आमच्या घाटाला दोन्ही बाजूंनी काळे खडक, मधे नाव जाईल एवढीच वाट. पुरात खडक पाण्याखाली जातात. अंधार पडल्यावर ती वाट केवळ दिव्याच्या रोखानं सापडायची. कंदील तेवढ्या लांबून दिसत नसे.

लढाईचे दिवस आले. शेठजी आजारी पडून मुलाकडे गेले आणि गिरणीवर मुंबईकडचे नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता, हे आज म्हणता येतं. इंजिनाचं तेल मिळेनासं झालं होतं, आणि बाजाराच्या दिवशी गिरणी लवकर सुटली तरी इंजिनाचा ड्रायव्हर फुवांची शेवटची खेप लागेपर्यंत त्या एका दिव्यासाठी अख्खं इंजिन चालू ठेवी. कुठल्याही मॅनेजरचं डोकं फिरलं असतं. त्यांनी फुवांकडे दरमहा रोख आकार मागितला. फुवांनी फाल्गुनातच पोचवलेल्या गोणीची आठवण दिली. गोणीतली निम्मी ज्वारी एव्हाना ड्रायव्हरच्या घरी भाकरी होऊन खपली होती. उरलेली निम्मी मॅनेजरांनी घाटावर परत पाठवली आणि शनिवारच्या दिवेलागणीपर्यंत रोख आली नाही तर तार तोडू असा निरोप दिला. गौरी-गणपतीच्या सुट्टीत मी तिथेच होते. माझ्या पगारातून भरते म्हटलं, तर फुवा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शनिवारी पैलतीराचा बाजार. परतीच्या खेपेला नावेत फुई आणि मी धरून बावीस माणसं, दोन शेळ्या, आणि अगदी सुटता सुटता धापा टाकत आलेले मॅनेजर. ते शेंगदाण्याच्या व्यापाऱ्याकडे गेले होते. वर बऱ्हाणपूरकडे पाऊस झाला असावा. सकाळी मातकट असलेलं पाणी तांबडं झालं होतं आणि ज्या दगडावर पाय ठेवून आम्ही उतरलो होतो तो दगड दिसत नव्हता. थांबलो असतो तर चार दिवस अडकलो असतो. फुवांनी नाव सोडली. अंधारून आलं होतं, पण पलीकडे बाभळीवर दिवा दिसत होता आणि फुईनं माझा हात धरलेला होता, तेवढ्यावर मी धीर धरून होते.

मध्यावर आलो तशी मॅनेजरांची चुळबुळ सुरू झाली. एकदा आभाळाकडे बघत, एकदा दिव्याकडे. शेवटी त्यांनी विचारलं की हा दिवा नावेला लागतोच का. त्याच्यावरच तर नाव चालली आहे, असं फुवांनी सांगितलं. मॅनेजरांचा चेहरा उतरला.

“मी ड्रायव्हरला सांगून आलोय,” ते म्हणाले. “दिवेलागणीला तार तोड म्हणून.”

त्यांचं बोलणं संपलं न संपलं तोच दिवा गेला. बायकांनी रडायला सुरुवात केली, कुणी मॅनेजरांच्या अंगावर धावून गेलं, नाव कलली. मला वाटलं, संपलं सगळं. फुवांनी वल्हं नावेच्या काठावर आपटलं.

“आते बठ्ठा गप बसा. माले गिरनी ऐकू द्या.”

आम्ही गप बसलो. शेळ्यांची तोंडं बायकांनी पदरानं धरून ठेवली. पाण्याच्या घोंघावण्यातून हळूहळू इंजिनाचा ठोका कानावर आला. मधेच तो बुडायचा, की बंदच पडला असं वाटायचं, कारण तार तोडल्यावर इंजिन चालू ठेवायचं कारणच उरलं नव्हतं. ते कुठल्याही क्षणी बंद होणार होतं. ज्या तेलापायी तार तोडली ते तेल जळत राहावं म्हणून मॅनेजर हात जोडून बसले होते. फुवांनी डोळे मिटून कान गिरणीकडे केला होता. ठोका डावीकडे सरकला की वल्हं बदलायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा ऐकायचं. एकदा उजव्या अंगाला खडक खरवडत गेला आणि माझ्या पायाखाली पाणी आलं. मग नाव रेतीत रुतली, आणि ठोका अजून चालूच होता.

मॅनेजरांना फुवांनीच हात देऊन उतरवलं. ड्रायव्हर घाटावर येऊन उभा होता. गिरणी कधीच सुटलेली, मग इंजिन का चालू ठेवलं, असं मॅनेजरांनी विचारलं. निम्मी गोणी खाल्लेला तो माणूस मान खाली घालून म्हणाला, “हुकूम तार तोडाना व्हता, साहेब. इंजिन बंद कराना नव्हता.”

दुसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः तार जोडून घ्यायला आले आणि यापुढे काहीच नको म्हणाले. फुवा पुन्हा अडून बसले. निम्मी गोणी परत न्यायला लावली, वर आणखी एक पायली मोजली. “आवाजबी लिधा मी. तेनी पायली येगळी.” तेव्हापासून दर फाल्गुनात उजेडाची गोणी आणि आवाजाची पायली गिरणीत जायची, आणि मॅनेजर ती उभं राहून घ्यायचे.

फुवांना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांची नाव घाटावर पालथी पडली आहे. बाभळीवरचा दिवा मात्र मॅनेजर अजून लावतात. फार आठवण येते फुवांची. नावेत पत्र वाचून दाखवायला सांगणारं कुणी उरलं नाही. यंदा फाल्गुनात गेले तर फुई अंगणात ज्वारी मोजत होती. गोणी भरून झाली, पायली वेगळी काढली. नावच नाही तर कशाला, असं मी म्हटलं.

“दिवा लागस ना आजून? मंग देनं पडी.”

आणि ही पायली, मी विचारलं. फुईनं ज्वारीतला एक खडा निवडून टाकला.

“सांजले गिरनी वाजस,” ती म्हणाली. “वाटस, तुना फुवा नाव लिसन येईच ऱ्हायनात.”

मी पायलीची पिशवी तिला बांधून दिली.