धुराड्यावरचं डबडं

लग्न होऊन मी वणीहून सासरी आले ती थेट चक्कीच्या घरात. पुढच्या खोलीत पिठाची चक्की, मागं आम्ही. चक्की सासूबाई चालवायच्या. सासरे वारले तेव्हा थोरल्या दिरांनी ती ताब्यात घ्यायचा विचार बोलून दाखवला होता. सासूबाईंनी पट्टा चढवला, इंजिनाचं हँडल मारलं आणि विषय संपवला. चक्कीवर बाई असल्यामुळे गल्लीतल्या बायका डोक्यावरचा पदर विसरून तिथं निवांत बसायच्या.

इंजिनाच्या धुराड्यावर एक डबडं उपडं ठेवलेलं असे. इंजिन लागलं की ते टुकटुक वाजायचं आणि चार गल्ल्यांना कळायचं, चक्की सुरू झाली. मला त्या आवाजानं वेड लागायची पाळी आली होती. मांडणीवरची भांडी थरथरायची आणि त्यांच्याबरोबर मीही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्या सुमारास समोर राहणाऱ्या, कोर्टातून निवृत्त झालेल्या नाझरांनी नगरपालिकेत अर्ज केला. राहत्या वस्तीत इंजिनाचे धंदे नकोत, चक्की सडकेपलीकडे कापसाच्या जिनिंगजवळ न्यावी. दिरांनी लगेच जाहीर करून टाकलं, तिथं ट्रकवाल्यांच्या गर्दीत आई बसणार नाही, मी बसेन. म्हणजे चक्की हलली की सासूबाईंच्या हातून गेलीच. माझे यजमान आईच्या शब्दाबाहेर नव्हते आणि थोरल्या भावाच्याही नव्हते; असल्या माणसाचा काय उपयोग! आवाज मला नकोसा होता, तरी सासूबाईंची चक्की जावी असं वाटत नव्हतं; माझं कशात चित्त लागेना. भाकरी करपायच्या, उगाच आतबाहेर व्हायचं, समोरचं दार वाजलं तरी धावत जाऊन बघायचं.

नगरपालिकेचे ओव्हरसियर पाहणीला येणार त्या सकाळी मी ते डबडं काढून चुलीमागं लपवलं. त्याच्याविना इंजिन बरंच सभ्य वाटेल, असा माझा हिशेब. चक्कीच्या बाजूनं बोलायला या, असा सासूबाईंनी गल्लीत सांगावा धाडला होता, त्यामुळे बायका दळणाची टोपली घेऊन झाडून साऱ्या आल्या.

साहेब खोलीत उभे राहिले, इंजिन सुरू झालं. शेजारची काकू कान टवकारून म्हणाली, "अवं, डबडं काहून काढलं? साहेबाले आयकू येऊ द्या नं आपली चक्की!" मी डोळे वटारते तोवर ती आत जाऊन डबडं शोधून घेऊनही आली आणि तिनं ते ठेवलं जागेवर.

मग तिला चेवच चढला. "पार नदीपलीकडं आयकू जाते साहेब! अशी चक्की साऱ्या गावात नाई."

"रोज चालते?" साहेबांनी विचारलं.

"रोज! सन नाई, वार नाई," दुसरी म्हणाली. "माह्या घरातले भांडे नाचतात, तवा मले समजते का दळाले जा लागते."

साहेब लिहून घेत होते. नाझर उंबऱ्यापाशी उभे होते, त्यांना एक शब्द बोलावा लागला नाही. मला त्या बायकांची तोंडं दाबावीशी वाटत होती. पण त्यांचे चेहरे असे फुललेले की रागावणार तरी कुणावर? चक्की गेली, हे सासूबाईंनी ओळखलं होतं. त्या खाली मान घालून पीठ सारत राहिल्या.

हुकूम आला. चक्की बैलबंडीवर चढली आणि सडकेपलीकडे गेली, दीर गल्ल्यावर बसले. पुढची खोली इतकी गप्प झाली की मला तिथं पाच मिनिटं बसवेना. ज्या आवाजाला मी शिव्या घालत होते तोच आता हवासा वाटू लागला. सासूबाई मात्र दारातच बसून असायच्या. टोपलं घेतलेली बाई दिसली की सवयीनं उठायच्या आणि बाई पुढं गेली की पुन्हा बसायच्या.

एक दिवस शेजारची काकू दाराशी थांबली. "मी चक्कीवर चाललो. तुमचं दळन द्या, नेतो संगं."

सासूबाई उठल्या. मग आत आल्या, ज्वारी काढली, पाखडली, टोपल्यात भरली आणि तिच्या हाती दिली.

"थोरल्याले म्हनाव," त्या म्हणाल्या, "बारीक दळजो."